पिंगळेचा खूर

वैद्यशास्त्रात रोगाचे चार प्रकार सांगितले आहेत : साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य. पहिला सहज बरा होतो. दुसरा कष्टाने बरा होतो. चौथा बरा होत नाही. तिसऱ्याची गोष्ट निराळी आहे. याप्य रोग समूळ जात नाही, पण उपचार चालू आहेत तोवर रोगी जगतो, खातो, हिंडतो-फिरतो. उपचार थांबले की रोग उलटतो. 'यापन' म्हणजे पुढे नेणे, चालते ठेवणे. 'कालयापन' असे आपण म्हणतो, त्यातले 'यापन' तेच. एके काळी वैद्याच्या ओसरीवर हा शब्द रोज कानी पडत असे, आणि तो ऐकून घरची माणसे मान खाली घालून घरी जात व कामाला लागत. आता तो व्यवहारातून उठला आहे. आपल्याजवळ 'बरा होईल' आणि 'बरा होणार नाही' एवढे दोनच पर्याय उरले आहेत. पुढील कथा त्या तिसऱ्या शब्दावाचून कळणारी नाही, म्हणून आरंभीच त्याचा अर्थ दिला.

शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, जेतवनात विहरत असताना श्रावस्तीतील पुष्यक नावाचा गृहपती उपदेश ऐकण्यास येत असे. एके दिवशी तो आला तेव्हा त्याचे चित्त स्थिर नव्हते. त्याचा म्हातारा बैल दुखणाईत होता आणि वैद्याने त्याचे दुखणे याप्य असल्याचे सांगितले होते.

पुष्यक म्हणाला, "भगवन्, माझ्या लहानपणी घरात तुपाचा घडा कधी रिता होत नसे. आता दिव्यात तेल घालतानाही हात आखडतो. त्यात हा बैल. वैद्याने सांगितलेले मोल ऐकले आणि मी घरी न जाता सरळ इकडे आलो. पूर्वी असे नव्हते."

स्त्रियांमध्ये बसलेली त्याची पत्नी माधवी हळूच म्हणाली, "यांचे आजोबाही हेच म्हणत असत, असे सासूबाई सांगतात."

सभेत हसू पसरले. शास्त्यानेही स्मित केले. "गृहपती, फार पूर्वीच्या एका जन्मीही तू 'पूर्वी असे नव्हते' असेच म्हणाला होतास." आणि पुष्यकाने विनविल्यावरून शास्त्याने गतजन्मीचा तो प्रसंग सांगितला.

पूर्वी अश्मक देशी, गोदावरीच्या काठी वसलेल्या पोतन नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पशुवैद्याच्या कुळात जन्माला आले. वयात आल्यावर ते पित्याची विद्या शिकले आणि पित्यामागे त्याच नगरात गुरांची, घोड्यांची व गाढवांची चिकित्सा करू लागले.

नगराच्या पूर्वेस कुंभारांची आळी होती. नदीकाठच्या खाणीतून माती आणायची ती गाढवांच्या पाठीवरून, आणि भाजलेली मडकी हाटात न्यायची तीही गाढवांच्याच पाठीवरून. त्यामुळे त्या आळीत गाढव पडले म्हणजे चाक थांबले. हे जाणून जुन्या कुंभारांनी एक रीत घातली होती. आळीच्या तोंडाशी औदुंबराखाली त्यांनी मोठा रांजण ठेवला होता. पहाटे दळायला बसण्यापूर्वी प्रत्येक घरची स्त्री पसाभर धान्य त्या रांजणात टाकून येई. कोणाच्याही घरचे जनावर आजारी पडले, तर वैद्याचे मोल आणि औषधाचे साहित्य त्या धान्यातून देत. आज कोणी किती टाकले, हे कोणी पाहत नसे. धान्य पडतानाच्या आवाजावरून रांजणाची स्थिती मात्र सर्वांना कळे. रिता रांजण खणखणे, अर्धा भरलेला घुमे, आणि भरत आला की पाचोळ्यावर पाऊल पडावे तसा मऊ आवाज येई. त्या आळीत लग्न होऊन आलेल्या मुलींना सासरची पहिली आठवण म्हणून उत्तरवयातही तो आवाज आठवत असे : अंधुक उजेड, गार दगड, ओळीने उभ्या बायका, आणि आपल्या हातून पडलेले पहिले धान्य.

पुढे सीमेवर युद्ध उद्भवले. समुद्राकडून घाटावर येणारे मिठाचे तांडे अडले. आधी मीठ महागले, मग तेल, मग सरपण. सरपण महागल्यावर भट्ट्या एक दिवसाआड पेटू लागल्या. घरोघरी कशात काटकसर करावी याची चर्चा सुरू झाली. कमी खाल्ले तर पोट बोलते आणि कमी नेसले तर लोक बोलतात. रांजण मात्र काही बोलत नव्हता.

आळीत सोमिल नावाचा कुंभार होता. त्याची गाढवी पिंगळा कधीच आजारी पडली नव्हती. तो एके दिवशी पारावर म्हणाला, "मी सांगतो ते पटते का पाहा. माझ्या पिंगळेला वैद्याचा हात कधी लागला नाही. मग माझ्या घरचा पसा कोणाच्या गाढवासाठी जातो? ज्याचे जनावर, त्याचा पसा. प्रत्येकाने आपापल्या घरी गाडगे ठेवावे."

सर्वांना हे न्याय्य वाटले. महागाईच्या दिवसांत अशी गोष्ट फार लवकर न्याय्य वाटते. घरोघरी गाडगी मांडली गेली. परंतु रांजण आळीच्या तोंडाशी होता आणि गाडगे चुलीशी होते. चुलीजवळ बसलेल्या माणसाचा हात तिथवर सहज पोचतो. पाहुणा आला, मूल रडले, हाटात धान्य मिळाले नाही, असे होत होत सर्व गाडगी रिती झाली. रांजण कोणीतरी उपडा घातला, आणि दुपारच्या वेळी त्याच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

अशा दिवसांत पिंगळेच्या मागच्या खुरात खापराचा तुकडा घुसला.

ती पाय उचलून धरू लागली तेव्हा सोमिल म्हणाला, "उतरेल आपोआप." उतरले नाही. खूर गरम लागू लागला तेव्हा तो म्हणाला, "शेक देऊ या." त्याच्या डोळ्यांसमोर पाय नव्हता, वैद्याचे मोल होते. शेवटी खुराच्या वरच्या कडेला फुटून पू वाहू लागला आणि पिंगळेने चारा सोडला. तेव्हा सोमिलाची पत्नी कालिंदी हातातला गोळा चाकावर तसाच टाकून वैद्याकडे गेली. पिंगळा तिच्या माहेरची होती. लग्नानंतर वरातीमागून जे शिंगरू आले होते, तीच ही. सासरी पहिल्या वर्षी माहेरच्या भाषेतले शब्द कालिंदी तिच्याशीच बोलत असे.

त्याच सकाळी बोधिसत्त्वांच्या घरी गोधिक नावाचा चामड्याचा व्यापारी येऊन गेला होता. चामडे टिकवायला मीठ लागते, म्हणून गोधिकाने युद्धाच्या आधीच कोठार भरून मीठ साठवले होते. नगरात आता मीठ होते ते त्याच्याकडे. त्याने गोणीभर मीठ ओसरीवर ठेवले आणि म्हणाला, "वैद्यराज, हे घरच्यांसाठी. मी काही अधर्म करा असे म्हणत नाही. महागाई किती आहे, तुम्ही पाहता. लोकांना उपचार झेपत नाहीत, आणि सोडवतही नाही. दोन्हीकडून बिचारे कुचंबतात. तुम्ही पाहून 'असाध्य' एवढे म्हणालात की सुटतात. घरी जाऊन रडतात, पण झोपतात. तेवढी दया करा. पुढचे मी पाहून घेईन, आणि अशी गोणी दर पौर्णिमेला येईल."

वैद्यपत्नी दाराआडून म्हणाली, "आमच्याकडे मीठ आता जावयासारखे झाले आहे. सणाला येते आणि लगेच जाते."

बोधिसत्त्व हसले. मग गोधिकाला म्हणाले, "मीठ उत्तम आहे. पण तो शब्द मला असा वाटून टाकता येत नाही. ज्याचे जनावर खरोखर वाचणार नाही, त्याला तो ऐकवावा लागतो, आणि तेव्हा त्याचा माझ्यावर विश्वास असावा लागतो. गोणी घेऊन जा."

गोधिक उठला. "तुमची आई आळणी पेज पिते, हे विसरू नका," एवढे म्हणून तो गेला. आणि सोमिलाच्या घरी काय चालले आहे याची वार्ता त्याला असल्यामुळे तो दोर घेऊन कुंभारआळीत जाऊन बसला.

बोधिसत्त्व कालिंदीबरोबर आळीत आले. त्यांनी पिंगळेचा पाय मांडीवर घेतला, खूर धुतला, सळीने व्रणाची खोली पाहिली. आळीतली माणसे भोवती जमली. सोमिल जवळ येऊन म्हणाला, "वैद्यराज, यावर काही उपाय नाही ना?"

प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच असते. बोधिसत्त्वांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले. सोमिलाला कोणते उत्तर हवे आहे ते त्यांना कळले. गोधिक भिंतीशी बसला होता, त्यालाही तेच हवे होते. एकदा मान हलवली असती तर वैद्याच्या घरी मीठ आले असते, सोमिलाच्या मनावरचा भार उतरला असता, आणि कोणीही कोणाला दोष दिला नसता. पिंगळा तेवढी दोर बांधून गेली असती. ती त्या वेळी बोधिसत्त्वांचे उपरणे हुंगत होती.

ते म्हणाले, "असाध्य नाही. साध्यही नाही. विष हाडापर्यंत गेले आहे. दुखणे याप्य आहे."

"म्हणजे?"

"रोज मिठाच्या कढत पाण्यात पाय ठेवायचा, व्रण धुवायचा, तिळाचे तेल, निंब आणि मध घालून पट्टी बांधायची. पावसाळा लागेपर्यंत हे रोज. नंतरही अधूनमधून खूर कोरावा लागेल, ती जिवंत आहे तोवर. वेदना थांबतील, चारा खाईल. लंगडेपण जाणार नाही. ओझे पुन्हा उचलणार नाही."

सोमिल म्हणाला, "म्हणजे बरी होणार नाही, मरणार नाही, ओझेही वाहणार नाही, आणि खर्च मात्र चालू?"

"हो," बोधिसत्त्व म्हणाले. "याप्य शब्दाचा अर्थ इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितला नव्हता."

लोक हसले. सोमिल हसला नाही. त्याने मोल विचारले. ते अर्धा रांजण धान्य निघाले, मीठ निराळे. त्याचा चेहरा उतरला. "वैद्यराज, बाबांच्या वेळी असे नव्हते. तेव्हा वैद्य स्वस्त होते."

"तुझ्या वडिलांचे थोरले गाढव माझ्या वडिलांनी सांभाळले," बोधिसत्त्व म्हणाले. "मी पट्ट्या धरायला येत असे. तेव्हाही मोल अर्धा रांजणच होते. तुझ्या वडिलांना ते जड गेले नाही, कारण ते त्यांच्या एकट्याच्या घरातून निघाले नव्हते. तुला आठवतो तो स्वस्तपणा औषधाचा नव्हता, सोमिला."

शेजारी भद्रक पुढे आला. तो आळीत जिभेचा तिखट म्हणून प्रसिद्ध होता. "एवढा कळवळा आहे, तर फुकट करा की!"

"करीन. आज फुकट करीन, उद्याही करीन. परवा माझ्या घरात तेल नसेल, आणि मी राजाच्या अश्वशाळेत चाकरी धरीन. मग तेरवा तुझे गाढव पडले, तर माझ्या आजच्या दयेचा तुला काय उपयोग?"

इतक्यात पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट झाला. कालिंदी औदुंबराखाली रांजणाशी झटत होती. एकटीला तो उलटेना. भद्रकाची पत्नी जाऊन तिच्या बाजूला लागली. रांजण सरळ झाला. कालिंदी घरात गेली, दळणातले पसाभर धान्य घेऊन आली आणि रांजणात टाकले. तो मोठ्याने खणखणला. बऱ्याच काळाने ऐकू आलेल्या त्या आवाजाने दारादारांतून म्हाताऱ्या बाहेर आल्या.

भद्रक म्हणाला, "वहिनी, ज्याचे जनावर त्याचा पसा! तुमच्याच घरातून निघालेला नियम आहे."

कालिंदी म्हणाली, "नियम आमच्या यांचा होता, भद्रकभाऊजी. पसा माझा आहे. नवी नवरी म्हणून आले, तेव्हा इथे धान्य टाकताना मी कोणाचे गाढव आजारी आहे ते विचारले नव्हते. कोणी मला विचारूही दिले नसते."

सोमिल खाली पाहत म्हणाला, "ते मीच मोडले. माझी कधी आजारी पडत नव्हती, म्हणून."

यावर त्याला टोमणा मारण्याची उत्तम संधी भद्रकाला होती, आणि तो ती सोडणार नव्हता. पण त्याची दृष्टी दारात बांधलेल्या आपल्या दोन गाढवांकडे गेली. तो बोधिसत्त्वांना म्हणाला, "वैद्यराज, तुम्ही जाणते आहात. ही माझी दोन पाहा, आळीतली सगळी पाहा, आणि सांगा : यानंतर कोणाचे पडणार?"

"ते मला दिसत असते, तर बाकीच्यांना पसा टाकू नका असे मीच सांगितले असते."

भद्रक घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात धान्य होते. "घ्या. आणि उद्यापासून मीच टाकीन. आमच्या हिचा पसा म्हणजे सूप आहे, घर बुडेल." त्याच्या पत्नीने पदराने त्याला हाणले. त्या दिवशी आळीतल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी औदुंबरापर्यंत येऊन गेले.

एका दिवसाच्या धान्याने रांजण भरत नाही. बोधिसत्त्व म्हणाले, "मोल मी पूर्ण घेईन. रांजण भरेल तसे घेईन." मिठाचे मात्र थांबून चालणार नव्हते. तेव्हा सोमिल भिंतीशी बसलेल्या गोधिकाकडे गेला. चामडी भिजवायला मोठी कुंडे लागतात, आणि सरपणाच्या टंचाईत तशी कुंडे कोणी भाजत नव्हते. आळीतल्या सर्वांनी मिळून एक भट्टी लावायची, तीतली कुंडे गोधिकाने घ्यायची, आणि मीठ आजच द्यायचे, असे ठरले. गोधिक व्यापारी होता. त्याने दोर गुंडाळला आणि मीठ पाठवले.

"चामडे न्यायला आला आणि मडकी घेऊन गेला," भद्रक म्हणाला. हे वाक्य पुढे आळीत कितीतरी वर्षे चालले.

युद्ध लवकर संपले नाही. मीठ स्वस्त झाले नाही, तेलही नाही. आळीत पेज आळणीच शिजत राहिली, आणि वैद्याच्या घरीही. परंतु पहाटेचा आवाज बदलत गेला; खणखणणारा रांजण घुमू लागला, आणि एका हिवाळ्यात मऊ बोलू लागला. त्या धान्यातून पुढे भद्रकाचे एक गाढवही सांभाळले गेले.

ही कथा सांगून शास्त्याने जन्मांचा मेळ घातला. "तेव्हाचा सोमिल तो हा गृहपती पुष्यक. कालिंदी ती माधवी. भद्रक व त्याची पत्नी पुष्यकाच्या शेजारी राहतात, आणि आजही तशीच भांडतात. तो चामड्याचा व्यापारी आता भिक्षू होऊन या सभेत बसला आहे. त्याने मार्ग धरला आहे, म्हणून मी त्याचे नाव घेत नाही. पोतन नगरीचा तो पशुवैद्य म्हणजे मीच होतो. आणि पिंगळा, गृहपती, तुझ्या गोठ्यात तुझी वाट पाहत उभी आहे."

पुष्यक उठला, त्याने वंदन केले, आणि माधवीला बरोबर घेऊन उपदेश संपण्याआधीच तो घराकडे निघाला. शास्त्याने त्याला थांबविले नाही. त्या जन्मी बोधिसत्त्वांनी पूर्ण केली ती सत्यपारमिता : ऐकणाऱ्याला हवे असलेले असत्य लाभासाठीही न बोलणे, आणि दयेचे रूप घेऊन ते समोर आले तरीही न बोलणे.

लोकांत ही कथा निराळ्या प्रकारे सांगतात. वैद्याने करुणेपोटी एक कणही न घेता उपचार केले, आणि पिंगळा बरी होऊन पूर्वीपेक्षा दुप्पट माती वाहू लागली, असे कीर्तनांत आणि मुलांच्या पुस्तकांत येते. दोन्ही गोष्टी चूक आहेत. वैद्याने ठरलेले मोल शेवटच्या पशापर्यंत घेतले. आणि पिंगळेने पुन्हा माती वाहिली नाही. केलेला व्यय गाढवीने फेडलाच पाहिजे, असे सांगणाऱ्यांना वाटले असावे, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर हे खोटे ओझे घातले. कथेत आहे ते एवढेच : घरी एकटी ठेवली की ती ओरडे, म्हणून इतर गाढवे खाणीकडे निघाली की तिलाही सोडत. रिकाम्या पाठीने लंगडत ती सर्वांच्या मागून जाई आणि सर्वांच्या मागून परत येई. ती निघण्यापूर्वी आळीतले कोणीतरी वाटेवरची खापरे झाडून ठेवी.